पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचं?

ग्रंथपाल म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? तारखेचा शिक्का मारणारा माणूस आणि वर 'शांतता राखा'ची पाटी. यात कसलं आलंय राजकारण, असं वाटतं. म्हणून एका ग्रंथपाल बाईंची गोष्ट सांगतो.

डोरोथी पोर्टर. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नामांकित विद्यापीठात, १९३० साली कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांचा संग्रह त्यांच्याकडे आला. तेव्हा बहुतेक ग्रंथालयांत ड्यूईंची दशांश पद्धत होती. प्रत्येक विषयाला एक क्रमांक. पोर्टरबाईंना काय दिसलं? लेखक काळा असला की पुस्तक ३२५ किंवा ३२६ मध्ये! ३२५ म्हणजे वसाहत-स्थलांतर, ३२६ म्हणजे गुलामगिरी. आता बघा, एखाद्यानं कविता लिहिल्या, तर त्या कवितेच्या कपाटात नकोत का? कवी राहिला बाजूला, उरली फक्त त्याची कातडी.

बाईंनी ते मानलं नाही. लेखक आणि विषय पाहून त्यांनी नवी मांडणी केली. खरेदीला पैसा नव्हता, तर प्रकाशकांकडे, विक्रेत्यांकडे पुस्तकं मागितली. १९७३ पर्यंत हे काम चाललं.

आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी एक आहे: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. पण ग्रंथ भलत्याच कपाटात असेल, तर वाचक पोचणार कसा? पुस्तकावर बंदी न घालताही ते असं नाहीसं करता येतं.

हे जुनं झालं म्हणाल, तर तसं नाही. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी अमेरिकेच्या सूचीत 'इल्लीगल एलियन्स' हा विषयशब्द होता. २०१४ साली डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी तो बदलायची मागणी केली. २०१६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं होकार दिला, राजकारण्यांनी आडकाठी घातली, आणि शब्द बदलायला २०२१ उजाडलं.

आता आपल्या वाचनालयात जाऊन बघा. दलित आत्मकथनं 'आत्मचरित्र' कपाटात आहेत, की फक्त 'दलित साहित्य' कपाटात? वेगळं कपाट वाईटच असं मी म्हणत नाही. हॉवर्डचा संग्रहही वेगळाच होता. पण तो त्या समाजानं स्वतः उभारला होता, आणि त्याच्या आत कविता कविता म्हणूनच होती. पुस्तक एका जागी राहतं, सूचीत मात्र त्याच्या दोन नोंदी करता येतात. ग्रंथपालांना तेवढं जरूर विचारा.