एकच प्रोग्रॅम, दोन आकार

 पवईतल्या आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या हाती ‘फायरबर्ड ५’ हा रोबो दिला. त्यात एव्हीआर घराण्यातल्या दोन चिप आहेत: मुख्य एटीमेगा २५६० आणि मदतनीस एटीमेगा ८. दोन्ही आठ बिटी, पण एकच सी प्रोग्रॅम दोन्हींसाठी कंपाइल केला तर आकार वेगळा येतो.

फरक पहिल्या ओळीआधीच पडतो. चिपमधल्या फ्लॅश मेमरीच्या सुरुवातीला, इंटरप्ट आल्यावर कुठे उडी मारायची ते सांगणारा तक्ता असतो. एटीमेगा ८ मध्ये १९ नोंदी, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ३८ बाइट. २५६० मध्ये ५७ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट: एकूण २२८! मोठ्या चिपच्या २५६ किलोबाइट फ्लॅशमध्ये लांब उडी मारायला लांब सूचना लागते. ८ किलोबाइटमध्ये आखूड सूचना सगळीकडे पोहोचते.

खरी गंमत पोर्टमध्ये आहे. २५६० वर पोर्ट सी चा एक बिट चालू करायला एकच सूचना पुरते, २ बाइटची. पोर्ट जे मात्र त्या सूचनेच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे आधी वाचा, मग बदला, मग परत लिहा: ४, २ आणि ४, असे १० बाइट. म्हणजे चिप न बदलता, नुसती एलईडीची वायर पोर्ट जे च्या पिनवर नेली तरी प्रोग्रॅम फुगतो.

आर्डुइनोच्या लिओनार्डो बोर्डवर तर रिकामा प्रोग्रॅमही एव्हीआरवाल्या ऊनो बोर्डपेक्षा काही किलोबाइटने मोठा भरतो, कारण यूएसबी सांभाळणारा कोड त्याच चिपमध्ये बसवावा लागतो. ऊनोवर ते काम वेगळी चिप करते.