रोमन रुप्याच्या नाण्यांवरील स्त्री : राणी कीं देवता?

विंझर-वेल्ह्याकडील एखाद्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यांतील टाकांशेजारीं, रोमन रुप्याचें नाणें निघालेंच, तर त्यावरील स्त्रीस लक्ष्मी समजून हळदकुंकू वाहिलेलें असणें नवलाचें नाहीं. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यास त्यावरील मनुष्याकृतींमुळें आपल्याकडे पुतळी म्हणूं लागले व तें गळ्यांतील माळेंत गेलें. पण अशा स्त्रीस एकदम रोमन राणी ठरविणें, ही संग्राहकांची चूकही तितकीच सुलभ आहे.

हिंदुस्थानांत सांपडणाऱ्या डिनेरियस नाण्यांत ऑगस्टस व टायबेरियस (इ. स. १४–३७) यांचींच बहुसंख्य आहेत. टायबेरियसच्या नाण्यामागें एका हातीं राजदंड व दुसऱ्या हातीं डहाळी घेतलेली आसनस्थ स्त्री असते. ही त्याची माता लिव्हिया, असें ग्रंथकार सांगतात. परंतु भोंवतालचीं अक्षरें ‘पाँतिफ माक्सिम’ एवढींच. म्हणजे महापुरोहित, ही खुद्द बादशहाची पदवी. स्त्रीचें नांव कोठेंच नाहीं. म्हणून यादींत ‘आसनस्थ स्त्री, लिव्हिया किंवा शांतिदेवता पाक्स’ असें लिहावें, हें आमचें मत. याउलट थोरल्या फॉस्टिनेच्या नाण्यावर मुखवट्याभोंवतीं तिचें नांव स्पष्ट असतें. इ. स. १४० च्या सुमारास ती वारल्यावर त्यामागें ‘दिवा’, देवत्व पावलेली, हें पद लागलें. तेथें पुढें राणी व मागें केरीस, युनो यांसारखी देवता, असा उघड विभाग आहे.

महाराष्ट्रांत हीं नाणीं विरळ कां? ‘पेरिप्लस’ ग्रंथाप्रमाणें रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं भडोचेस येत व देशी नाण्यांशीं बदलतांना नफा होई. पैठण व तगर (तेर) येथील मालही गाड्यांतून तेथेंच जाई. हें रुपें क्षत्रपांच्या टांकसाळींत वितळलें असावें, हा विद्वानांचा तर्क आम्हांस पटतो. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. त्यांवर राजाच्या मुखवट्याभोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत, आणि नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा उमटविला आहे.

नीरोनें इ. स. ६४ च्या सुमारास डिनेरियसचें वजन व कस उतरविला. पुढील काळचीं रुप्याचीं नाणीं इकडे क्वचितच आढळतात. तेव्हां फॉस्टिनेचें किंवा जूलिया दोम्नेचें नाणें कोणी गांवचें म्हणून दाखविल्यास, तें बाजारांतून तर आलें नाहीं ना, ही चौकशी आधीं करावी. नाणें चिंचेनें घासूं नये. भोंक किंवा कडी असल्यास तीही टिपावी. जमिनींत पुरलेलें द्रव्य दहा रुपयांवर किंमतीचें असल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास वर्दी द्यावी लागते.