‘गॅस संपला’ची गोष्ट

चैत्र सरता सरता पुण्यात मोटारीचा एसी रुसतो, आणि ‘गॅस संपलाय साहेब’ हे कारागिराचे ठरलेले निदान ऐकून आपण निमूटपणे खिशात हात घालतो. वास्तविक हा वायू पेट्रोलासारखा जळून खर्ची पडत नाही. बंद नळ्यांतून फिरणारा तो झपाट्याने घटला, तर गळती आहे हे निश्चित. माझ्या कारागिराने एका उन्हाळ्यात तीनदा वायू भरला. कंडेन्सरच्या सांध्यावरचा तेलकट, धूळ चिकटलेला डाग मात्र त्याच्या दृष्टीस कधी पडला नाही! पक्की पावती मागताच तो विलक्षण व्यग्र झाला. तीच पावती जपावी, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगापुढे तक्रार गुदरण्याची मुदत दोन वर्षांची असून, मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.