गाठ की क्लिप? ताडपत्रीच्या दोऱ्यांबद्दलचे गैरसमज

डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या राजूरवरून पुढे भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा नगर जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा पट्टा सुरू होतो. मे संपता संपता काजवे पाहायला इथे गर्दी लोटते आणि जलाशयाकाठी तंबू उभे राहतात. नेमके तेच दिवस वळवाचे असतात. रात्री वारा सुटला की तंबूवर ताणलेल्या ताडपत्रीच्या दोऱ्यांची परीक्षा सुरू होते. अलीकडे या दोऱ्यांना गाठींऐवजी ॲल्युमिनियमचे टेन्शनर, प्लास्टिकचे लॉक, छोटे हुक अशा क्लिप वापरल्या जातात. सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर समजुतीही पसरल्या आहेत. त्या तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज : क्लिप गाठीपेक्षा मजबूत, म्हणून ती वापरायची.
वस्तुस्थिती : गाठीत दोरी तीव्र वळते, त्यामुळे तिची ताकद घटते हे खरं. बोलाईनसारखी चांगली गाठही दोरीची साधारण तीस-चाळीस टक्के ताकद खाते. पण ताडपत्री कोसळते ती बहुधा दोरी तुटून नव्हे. खुंटी उपटते, आयलेट (दोरी ओवायचं ताडपत्रीच्या कडेचं भोक) फाटतं किंवा दोरी सैल पडते. क्लिपचा खरा फायदा वेगळा आहे : अंधारात, ओल्या आणि गारठलेल्या बोटांनी ताण क्षणात कमी-जास्त करता येतो. भिजून आवळलेली निरगाठ अशा वेळी दाताने सोडवायची पाळी येते.

गैरसमज : संध्याकाळी घट्ट ताणली की रात्रभर काळजी नाही.
वस्तुस्थिती : नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की लांबतं. ताडपत्रीचं कापड नायलॉनचं असेल तर तेही सैलावतं. झोळ पडला की पाणी साचतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. तीन बाय तीन मीटरच्या ताडपत्रीवर 10 मिलिमीटर पाऊस पडून सगळा झोळात साचला, तर 90 किलो भार होतो. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर एकदा उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्याच लागतात. टेन्शनर कामाला येतो तो इथे. पॉलिस्टरची दोरी ओली होऊन फारशी लांबत नाही. शक्य असेल तर तीच घ्यावी.

गैरसमज : मधली दोरी तारेसारखी आडवी ताठ हवी.
वस्तुस्थिती : दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीच्या मध्यावर भार आला आणि ती दोन्ही बाजूंनी 30 अंशांचा उतार घेत असेल, तर प्रत्येक बाजूचा ताण त्या भाराएवढाच असतो. उतार 5 अंशांवर आणला की ताण जवळपास पावणेसहा पट होतो. टेन्शनरने दोरी सहज ओढता येते, म्हणून ही चूक हमखास होते. पाणी वाहून जाण्याइतका उतार ताडपत्रीला द्यावा आणि दोरीत थोडी ढील ठेवावी. वाऱ्याचा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट झाला की दाब चौपट. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून वर उसळणाऱ्या वाऱ्यात ताडपत्री खाली, जमिनीलगत बांधणं हाच उपाय.

गैरसमज : कोणतीही दोरी कोणत्याही क्लिपमध्ये चालते.
वस्तुस्थिती : तीन भोकांच्या टेन्शनरमध्ये दोरी नागमोडी ओवलेली असते. ताण आला की ती भोकांच्या कडांवर दाबली जाते आणि घर्षणानेच जागी राहते. दोरी भोकापेक्षा फार बारीक किंवा फार गुळगुळीत असेल तर सरकते. बाजारातली जाड नायलॉन दोरी भोकात शिरतच नाही. दोरीच्या जाडीसाठी बनवलेलाच टेन्शनर घ्यावा आणि घरीच ओल्या दोरीवर जोर लावून पाहावा.

गैरसमज : हार्डवेअर आलं, आता गाठी शिकायची गरज नाही.
वस्तुस्थिती : सह्याद्रीच्या पठारांवर वीतभर मातीखाली कातळ लागतो. खुंटी शिरत नाही, दोरी धोंड्याला गुंडाळावी लागते आणि तिथे गाठच उपयोगी पडते. आयलेट फाटलं तर प्रवरेच्या पात्रातला सुपारीएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून धरावा, वरून कापडाची मान आवळावी आणि तिथेच दोरी बांधावी. ही जोडणी आयलेटपेक्षा भरवशाची, कारण ताण एका भोकावर न येता कापडाच्या चुण्यांवर विभागला जातो. टेन्शनर हरवला तर ताण सरकवता येणारी गाठ हाताशी असावी. शिवाय टेन्शनरच्या दोरीचं एक टोक कुठेतरी बांधावंच लागतं.

गैरसमज : छोटा कॅरॅबिनर आहे, कड्यावरही चालेल.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. किल्ल्या अडकवायचे आणि ताडपत्रीचे हलके कॅरॅबिनर माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेले नसतात. सांधण दरीत किंवा रतनगडावर दोर लावून उतरताना प्रमाणित, ताकद कोरलेलंच साहित्य वापरायचं. दोन्ही साहित्य एकाच पिशवीत ठेवूही नये. घाईत हात चुकीच्या कॅरॅबिनरवर जातो.

मग घ्यायचं काय? चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, प्रत्येकीच्या ताडपत्रीकडच्या टोकाला बोलाईन, खुंटीकडच्या टोकाला टेन्शनर. टेन्शनर दोन-चार ग्रॅमचा, म्हणजे पाठीवर काही जाणवत नाही. दोन सुट्या दोऱ्या जास्त ठेवाव्यात. डोळे मिटून बोलाईन बांधता येईपर्यंत सराव घरी करावा, कारण घाटघरच्या पावसात टॉर्च तोंडात धरून शिकायला वेळ मिळत नाही. क्लिपने हात मोकळा होतो आणि गाठीने अडचण निभते. डोंगरात या दोन्हींची साथ हवी.