गवताखालचे धन

चतुर्थीला आपण गणरायाच्या मस्तकी दूर्वा वाहतो आणि दिवाळीच्या पाडव्याला गोधनाची पूजा करतो. मात्र ज्या जमिनीवर गवताखेरीज फारसे काही दिसत नाही, तिच्यावर 'पडीक' असा शिक्का मारून आपली सरकारी दप्तरे मोकळी होतात. गवताला पूज्य मानणाऱ्या देशाने गवताच्या भूमीला ओसाड समजावे, ही विसंगती साधी नव्हे. तेलंगणातील आदिलाबादकडे पाहिले म्हणजे तिची किंमत ध्यानात येते.

आदिलाबाद आपल्यापासून दूर असले तरी मराठी मनाला परके नाही. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड यांना लागून असलेल्या या मुलखात मराठी आजही कानी पडते. पैनगंगेच्या बाजूला कापसाची काळी रेगूर, तर मागे डोंगरांचा मुरमाड उतार, सागाची विरळ राने आणि राजगोंड व कोलाम यांच्या वाड्यावस्त्या. २०१२ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील कवाल येथे व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. वाघ हवा तर हरिण हवे आणि हरिण हवे तर गवत हवे, हा साधा हिशेब आहे. परंतु गवतासाठी काय हवे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

त्याचे उत्तर शोधण्याचा मोठा उद्योग या देशात पूर्वीच झालेला आहे. पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण या शास्त्रज्ञांचा भारतातील तृणाच्छादनावरील ग्रंथ १९७३ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. त्यांनी देशातील गवताळ भूमीचे पाच प्रकार मानले. त्यांपैकी 'सेहिमा–डायकँथियम' या प्रकाराचा संभाव्य विस्तार सुमारे १७ लाख ४० हजार चौरस किलोमीटर असून दख्खनचे पठार त्यातच मोडते. सेहिमा म्हणजे आपल्या पवन्या गवताचे कूळ. ते मुरमाड उतारावर रुजते. डायकँथियम म्हणजे मारवेल. त्याला सपाटीची काळी जमीन मानवते. आदिलाबादेत या दोन्ही तऱ्हांच्या जमिनी शेजारी शेजारी नांदतात.

काळ्या मातीत चुना व पोटॅश विपुल, परंतु नत्र व सेंद्रिय द्रव्य बेताचे. ही उणीव गवत आपल्या परीने भरून काढते. बहुवर्षायू गवताचा मोठा भाग भूमीखाली असतो. उन्हाळ्यापूर्वी पात्यांतील नत्र ते मुळाशी ओढून घेते. जुनी मुळे कुजून मातीत सेंद्रिय द्रव्य साठवतात. सोबतच्या शेंगवर्गीय वनस्पती हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि चरणारी जनावरे शेणाच्या रूपाने घेतलेले परत करतात. हे चक्र मोडून वरून खत घातले की सारे साधते, असेही नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५६ पासून एका कुरणावर खतांचे प्रयोग अखंड चालू आहेत. तेथे बिनखताच्या तुकड्यांत वनस्पतींच्या चाळीसच्या आसपास जाती टिकल्या; सतत अमोनियम सल्फेट दिलेल्या तुकड्यांत मात्र मोजक्याच उरल्या. थोडक्यात भागवण्याची सवय हेच कुरणाचे बळ होय.

यावर कोणी म्हणेल की, ही कुरणे म्हणजे तुटलेल्या जंगलांचे अवशेष. तेथे झाडे लावली तर बिघडले कोठे? दबडघाव-शंकरनारायण यांचाही कल बहुतांशी याच समजुतीकडे होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु २०११ साली जयश्री रत्नम, महेश शंकरन आदी संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, आशियातील ज्यांना आपण शुष्क पानझडी वने म्हणतो, त्यांपैकी पुष्कळशी वस्तुतः झाडे व गवत एकत्र नांदणारी स्वतंत्र भूमी आहे. वाद अजून मिटलेला नाही. तथापि वाद मिटेपर्यंत नांगर आणि वृक्षारोपणाचे खड्डे थांबतात थोडेच! एकदा मुळासकट उखडलेले जुने कुरण पुन्हा उभे राहण्यास पिढ्या लागतात.

आपण गोमंतकीयांनी हे परक्याचे दुःख म्हणून ऐकू नये. आपले सडे चार महिने फुलतात आणि आठ महिने करपलेले दिसतात. म्हणून त्यांनाही आपण निरुपयोगी ठरवले, खाणी आणि कारखान्यांसाठी सहज देऊन टाकले. तेथील गुराखी कोठे गेला, याची चौकशी कोणी केली नाही. आदिलाबादच्या उतारावर गुरे राखणारा गोंड आणि आपल्या सड्यावरचा धनगर यांची तक्रार एकच आहे: ज्या जमिनीवर आमचा संसार चालतो, ती तुमच्या कागदावर रिकामी कशी?

आमचे मागणे थोडे आहे. कोणतीही गवताळ जमीन पडीक ठरवण्यापूर्वी तेथील माती तपासावी, गवताच्या जातींची नोंद घ्यावी आणि तिच्यावर जगणाऱ्यांना विचारावे. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरेच. पण दुसऱ्याचे घर मोडून बांधलेल्या देवळाला आपण पुण्य म्हणत नाही.