बाभळीचा काटा ते हृदयाचा व्रण

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या शिवारात कापूस वेचताना बाभळीचा काटा पायात रुतला, की संध्याकाळपर्यंत तळवा लाल होतो, तापतो, सुजतो, ठणकतो. काट्याभोवती धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचं ते काम. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत जवळपास हेच चालतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

या पेशींची ओळखसुद्धा काट्यामुळेच झाली बरं का! १८८२मध्ये इटलीतल्या मेसिना इथं इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला बारीक काटे टोचले. सकाळी पाहतात तर काट्यांना फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. त्या कामाबद्दल १९०८चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. परक्याला गिळणाऱ्या या पेशी म्हणजे मॅक्रोफेज.

काही मॅक्रोफेज तर आपण आईच्या पोटात असल्यापासून हृदयात मुक्कामाला असतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देताना हृदयाच्या पेशी आपले झिजलेले भाग बाहेर टाकतात आणि मॅक्रोफेज ते गिळून जागा साफ ठेवतात, असं २०२०मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. त्याआधी २०१७मध्ये बोस्टनच्या संशोधकांना याहून नवल वाटावं असं काही सापडलं. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश पुढं नेण्यातही याच पेशींचा हात असतो. उंदरांमधून त्या काढून टाकल्या, तर संदेश वाटेतच अडू लागला.

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्याला गेलेल्यांनी तिथले गोलसर दगड पाहिले असतील. व्यापाऱ्यांचा माल बाबांच्या शब्दानं दगड झाला, अशी आख्यायिका. भूगर्भाचे जाणकार त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात. आपल्या धमन्यांतही असे खडे होतात. रक्तवाहिनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरलं, की मॅक्रोफेज ते गिळत सुटतात. गिळून गिळून फेसाळल्यासारखे दिसू लागतात आणि तिथंच मरतात. सूज धुमसत राहते, तिच्यात कॅल्शियम साचत जातं. सीटी स्कॅनमध्ये मोजतात ते हेच. एकसंध दगडी थरापेक्षा विखुरलेले बारीक कण जास्त धोक्याचे मानतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

झटक्यानंतर कामाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात. मागून मेलेला स्नायू उचलणारी टोळी येते. तिची बरीचशी कुमक पानथरीतून निघते, असं २००९मध्ये उंदरांत आढळलं. मलेरियाच्या तापाखेरीज जिची कुणाला आठवण होत नाही, ती पानथरी हृदयासाठी फौज राखून बसलेली असते! पुढं काही दिवसांत उचलणाऱ्यांची जागा सांधणारे घेतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, व्रण भरू लागतो.

म्हणून सूज दिसली की दाबून टाका, हा हिशेब इथं चालत नाही. झटक्याच्या रुग्णांना स्टेरॉइड देऊन पाहिलं, तेव्हा हृदयाची इजा उलट वाढली, असं १९७६मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे निंदणाच्या दिवसांत कंबर धरली, गुडघा दुखला, की मेडिकलातून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन आणतात. झटका येऊन गेलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी पुन्हा झटक्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनानं बंद करायची नाही.

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी ओळखता ना? तिच्यात कोल्चिसिन असतं, गाऊटचं जुनं औषध. जुन्या पण स्थिर हृदयरोगाच्या ५,५२२ रुग्णांवरच्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम गोळीनं झटका, पक्षाघात, पुन्हा अँजिओप्लास्टी, हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं (२०२०). २०२३मध्ये अमेरिकेनं हृदयासाठी ही गोळी मंजूर केली. पण २०२४च्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू करून लाभ दिसला नाही. कदाचित पुन्हा वेळेचाच प्रश्न! आणि वेलीच्या वाटेला कुणी जाऊ नये. तिचा कंद जीवघेणा विषारी असतो.

लहान मुलांच्या घशाकडे जरा जास्त लक्ष द्या. स्ट्रेप्टोकोकस जंतूचं एक प्रथिन हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी मिळतंजुळतं असतं. जंतूवर तुटून पडलेली रोगप्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपा खराब करते. घसा दुखून बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी तापासोबत एकेक सांधा सुजू लागला, तर मूल ताबडतोब दवाखान्यात न्यावं. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा आजार ठरला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. कंटाळवाणं खरंच, पण झडपा वाचतात.

आता थोडं नव्या स्नायूविषयी. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला कार्बन-१४ हृदयाच्या पेशींत मोजून स्वीडनच्या संशोधकांनी २००९मध्ये हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या. गंगेच्या खोऱ्यातला चिमुकला झेब्रामासा मात्र हृदयाच्या खालच्या कप्प्याचा कापून टाकलेला पाचवा हिस्सा दोन महिन्यांत पुन्हा वाढवतो. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लालाही ते साधतं, सातव्या दिवशी साधत नाही. २०१४मध्ये संशोधकांनी त्या एक दिवसाच्या पिल्लांतून मॅक्रोफेज काढून टाकले, आणि पहिल्या दिवशी झालेली इजाही भरून न येता त्यांच्या हृदयावर प्रौढ हृदयासारखा व्रण उरला.