चार फुटांच्या समुद्रातला गुंड

खारे पाणी आमच्या सोनाळ्याला नवे नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव. तिथून दक्षिणेला उतरले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथल्या कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. पण समुद्र म्हणाल तर शेकडो मैल दूर! म्हणून भाच्याने पुण्याहून चार फुटांची काचपेटी आणली आणि तीत समुद्र करणार असे जाहीर केले, तेव्हा त्याची आजी एवढेच म्हणाली, "इथं मीठ का कमी हाय, बापा?"

विहिरीचे खारे पाणी मात्र या कामाचे नव्हते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेही ठरलेल्या प्रमाणात. भाच्याने शुद्ध पाण्यात तयार मीठ मोजून मिसळले, महिनाभर वाट पाहिली, मग दोन मासे आणि एक तांबडी झिंगी सोडली. झिंगीच्या पाठीवर पांढरी रेघ. माशांच्या अंगावरची घाण टिपणे हा तिचा धंदा. भाच्याने हात बुडवला की त्याची नखेही ती साफ करी. आजी तिला ‘न्हावीण’ म्हणू लागली.

तिला सोबत म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांब नांग्यांचा दुसरा झिंगा आला. जात हीही सफाईवाल्यांचीच.

एका सकाळी न्हाविणीचे कलेवर तळाशी दिसले. घरात सुतक! संध्याकाळी बाईसाहेब दगडाआडून हजर. ते कलेवर नव्हते, नुसती कात होती. वाढताना झिंग्यांना जुने कवच टाकावे लागते. नवे घट्ट होईपर्यंत अंग लोण्यासारखे मऊ असते. त्या वेळी दडून बसणे एवढाच उपाय.

पुढच्या खेपेस पुन्हा कात दिसली. सगळे निर्धास्त होते. भाच्याने दिवा लावला, तर पट्टेदार नांगीत न्हाविणीचे अर्धे अंग धरून निवांत जेवत होता! आजीने त्या दिवशी पेटीकडे पाठ केली.

खरे तर दोष आमचाच. या जातीचे नर-मादी जोडीने गुण्यागोविंदाने राहतात, पण आपल्या कपारीत दुसरा झिंगा त्यांना खपत नाही. समुद्रात हरणारा पळून जातो. चार फुटांत पळणार कुठे?

आणि हा तर सज्जनच म्हणायचा. कोकणात जाळ्यात येणाऱ्या, पुढचे पाय दुमडून बसणाऱ्या प्राण्यांचा एक रंगीत भाईबंद १९९८ साली इंग्लंडातल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात होता. चार इंचांचा तो जीव. ठोसा मारून त्याने पेटीची पाव इंच जाड काच फोडली. त्याचे नाव टायसन ठेवले होते! झिंग्यांतच आणखी एक, नांगी फटकन मिटून पाण्यात असा बुडबुडा उडवतो की, तो फुटताच भक्ष्य गारद होते. हा आवाज बुडबुड्याचा, नांग्या आपटल्याचा नव्हे, हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

भाच्याने मध्ये काचेचा पडदा घालून पट्टेदाराला एक कोपरा दिला आहे. पलीकडे नवी न्हावीण आली आहे. आजी रोज निजण्यापूर्वी पडदा हलवून पाहते, घट्ट आहे ना. आणि कात दिसली की आधी झिंगी मोजते.